मानेवरचा जोड

प्राचीन रोमन शिल्पं शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पहिल्याच तासाला मी मुलांना बजावायची, चेहऱ्याला भुलू नका, आधी मान बघा. रोमन कारागीर कित्येकदा धडं आधीच घडवून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की त्याचं डोकं त्यावर बसवत. जोड मानेपाशी सापडतो.

एकदा सुट्टीत चिचगडला घरी गेले, तेव्हा बाबांना अशा एका पुतळ्याचा फोटो दाखवला होता. धानाच्या बांधीतून आलेले बाबा पायांचा चिखलही न धुता बघत बसले. मग म्हणाले, "मुंडकं एकाचं, आंग दुसऱ्याचं. मंग घरचे कोनापाशी रडत होते वं बाई?" मी हसले होते.

यंदा बाबा गेले. तेरवीसाठी भावानं गोंदियाच्या स्टुडिओतून त्यांचा फोटो मोठा करून आणला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्टुडिओवाल्यानं त्यांना कोट-टाय चढवला होता. जन्मभर बंडीत वावरलेल्या बाबांचा चेहरा कुणाच्या तरी गोऱ्या मानेवर बसवलेला. माझं डोकंच फिरलं. बदलून आण, असं भावाला सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, "किती साजरे दिसून राहिले!" आणि काचेवरून हात फिरवत पोटभर रडली.

आई आता रोज त्या फोटोशी बोलते. मीही समोर जाऊन बसते. रडू दाटून येतं, पण नजर आपसूक मानेवर जाते आणि जोड दिसतो.