मागच्या ब्रेकचे जुने पॅड

बदलापूरच्या मेकॅनिकने मला फसवले. मी दिलेले नवे ब्रेक पॅड त्याने ठेवून घेतले आणि जुनेच पॉलिश पेपरने घासून माझ्या एटीव्हीला परत बसवले.

मातीत चालणारी ही चारचाकी वांगणीच्या शेतघरावर असते. सुट्टीला पाहुणे येतात, त्यांना माझी बायको मागे बसवून ओढ्यापर्यंत फिरवून आणते. वाट उताराची, मदार मागच्या ब्रेकवर.

पॅड मी स्वतः उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आणले. तिथला सिंधी दुकानदार 'साईं, घर की बात है' म्हणत नकली माल पुढे करत होता. दोनदा दुकानाची पायरी उतरलो, तेव्हा त्याने आतला खरा माल काढला. एवढे करून ते सोपवले कोणाला? तर 'आपला माणूस' म्हणून मेहुण्याने गळ्यात मारलेल्या या महाभागाला. आपला माणूस म्हटले की आमच्याकडे कामावर उभे राहायचे नसते, अविश्वास दिसतो. चहाला जायचे. गेलो. परतलो तेव्हा काम झालेले, आणि काढलेले पॅड रिवाजाप्रमाणे कागदात बांधून माझ्या हातात.

पुढच्याच रविवारी बायको उतारावर ब्रेक दाबत राहिली आणि गाडी बांधावर आदळली. पाहुण्या बाई खरचटण्यावर वाचल्या, बायकोचे मनगट मोडले. मी मागचा ब्रेक उघडला. पॅड वरून चकचकीत, झिजून कागद झालेले, पाठीवर आमच्या ओढ्याच्या पाण्याचा गंज. कागदातले होते कुठल्यातरी मोटरसायकलचे. माझ्या गाडीत ते बसलेही नसते.

गॅरेजात गेलो तर महाशय स्टुलावरून उठले नाहीत.

"शेठ, पॅड नवेच होते. बाईमाणूस ब्रेकवर पाय ठेवूनच चालवणार. जळणारच ना."

"तिने त्याच उतारावरून भरलेला ट्रॅक्टर उतरवलाय. तुला रिकामी रिक्षा तरी उतरवता येते का?"

शेजारचे टपरीवाले हसले. त्याने पाना उचलला आणि दुसऱ्याच गाडीत डोके घातले. संध्याकाळी मेहुण्याचा फोन: दाजी, मिटवून टाका, उगाच गावात चर्चा.

मिटवायला ते मनगट माझे नाही. त्या मेकॅनिकने माझ्या घरी यावे आणि प्लास्टरमधल्या हाताकडे बघून सांगावे, नवे पॅड कोणाच्या गाडीला लावले. मेहुण्यानेही सोबत यावे. बहीण त्याची आहे.