जिन्यातला वास

सुनीती रेगे यांची अख्खी नोकरी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टानं तिथल्याच मुनिरका भागात एक इमारत घेतली. अरुंद, तीन मजली, प्रत्येक मजल्यावर भाडेकरू. त्यांचे यजमान भालचंद्र व्यवहार होईपर्यंत म्हणत होते, "अगं, पुण्यात फ्लॅट घेऊन निवांत राहू या की!" पण सुनीतीताईंना दिल्ली सोडायची नव्हती, आणि पेन्शनला भाड्याची जोड हवी होती.

व्यवहार होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच दलालाचा फोन आला. "मॅडम, ऊपर के दोनों फ्लोरवाले दूसरे रूम ढूँढ रहे हैं."

सुनीतीताईंनी लगेच ते भालचंद्रांना सांगितलं. भालचंद्र "बघ, मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत, आणि तेच सुनीतीताईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच मुनिरकाला गेल्या. जिना चढताना उग्र वास नाकात शिरला. पहिल्या मजल्यावर बेल वाजवून आपण नवी मालकीण असल्याचं सांगितलं, तर आत पळापळ, भांड्यांचे आवाज. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. मणिपूरहून शिकायला आलेली लिंथोई घाबऱ्या चेहऱ्यानं उभी होती. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला.

"सॉरी आंटी. आगे से नहीं बनाएँगे. वैसे भी हम लोग जा रहे हैं."

"क्यों जा रहे हो?"

"पहलेवाले मालिक अंकल बोले, नई मालकिन पंडित हैं, नॉनव्हेज नहीं चलेगा. ऊपरवालों को भी यही बोला."

 सुनीतीताई भिंतीला टेकून इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरची मुलं जिन्यात डोकावली.

"अरे, हम वेंगुर्ले के हैं! मछली के बिना हमारा खाना नहीं होता. क्या बनाया है?"

आंबवलेली मासळी घालून कुटलेले बटाटे होते. पहिल्या घासाला तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. लिंथोईनं खिडक्या सताड उघडल्या. वरची मुलंही ताटल्या घेऊन खाली आली.

हात धुऊन त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, कुणी जात नाहीये. सगळे राहतायत."

पलीकडे भालचंद्रांनी मोठा श्वास सोडलेला त्यांना स्पष्ट ऐकू आला. "अच्छा," ते म्हणाले, "मग आता जेवायला घरी ये."

"जेवले मी. इथंच."