नंदे तप्पु

बंगळूरमध्ये गाडी ठोकल्यावर "चूक माझी" असे आपण होऊन म्हणणारा माणूस एकच होता आणि ते आमचे साडू होते. हे विधान मी जबाबदारीने करतो. मी एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मोजमापे तपासतो आणि बसवनगुडीत आमची ही तिसरी पिढी. या शहरात घासलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि घासल्यानंतरची भाषणेही उभे राहून ऐकली आहेत, त्यामुळे अपवाद मला ओळखता येतो. अडचण एवढीच, की साडूंची ती गाडी अस्तित्वातच नव्हती.

साडू मूळचे नागपूरचे, नोकरीसाठी सर्जापूर रोडला आलेले. बाराव्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये एका लोखंडी चौकटीत सीट, स्टिअरिंग आणि तीन पेडल बसवलेले होते आणि समोर मोठा पडदा. दर रविवारी सकाळी दहा वाजता चौदा माणसे आपापल्या घरून इंटरनेटवर एकमेकांशी गाड्यांची शर्यत लावत. साडू त्यासाठी आंघोळ करून, बूट घालून बसत. "घरात बूट?" असे माझी मेहुणी दर रविवारी विचारी आणि "चपलेत ब्रेकचा अंदाज येत नाही," असे उत्तर दर रविवारी मिळे. बसल्यावर ते स्टिअरिंगला नमस्कार करत आणि नसलेला आरसा नीट करत. खरी गाडी खाली तळघरात झाकून ठेवलेली असे. ती मागे घेताना ते काच खाली करून रिकाम्या पार्किंगला "घेऊन राहिलो बरं का" असे सांगत.

या शर्यतींत धक्का लागला की बाकीचे लोक आधी कारण सांगत. कोणाचे इंटरनेट अडकलेले असे, कोणाला सूर्य डोळ्यांवर आलेला असे, आणि तो सूर्यही पडद्यातलाच. साडू मात्र गाडी बाजूच्या गवतात नेऊन उभी करत आणि ज्याला धक्का लागला तो सावरून पुढे जाईपर्यंत थांबत. तेवढ्यात उरलेलेही पुढे जात. मी पाहिलेल्या एकवीस शर्यतींपैकी सोळांमध्ये ते शेवटच्या तिघांत होते. एकदा ते असे गवतात थांबले असताना एक गाडी घसरत येऊन त्यांच्यावरच आदळली. साडूंनी त्याचीही माफी मागितली. मी म्हटले, "अहो, तुम्ही तर उभे होतात!" तर म्हणाले, "तेच ना भाऊ. मी तिथं उभा होतो ना."

एवढ्या सभ्य माणसाला गटातून काढण्याची वेळ आली ती एका शब्दामुळे. म्हैसूरचे एक दंतवैद्य या शर्यतींत असत. साडूंची गाडी त्यांना वरचेवर लागे आणि साडू घाईघाईने माइकवर "सॉरी, सॉरी" म्हणत. नागपुरी तोंडातून, हेडफोनच्या खरखरीतून दंतवैद्यांच्या कानी पोचे ते "सरी, सरी". कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक, बरोबर. म्हणजे माणूस मागून येतो, आपल्याला कुंपणात फेकतो आणि वर "छान, छान" म्हणतो! चौथ्या वेळी दंतवैद्यांनी तक्रार केली, की एक तर हे गृहस्थ राहतील, नाही तर मी. साडू हवालदिल झाले. कन्नड येणारा घरातला माणूस म्हणून मला बोलावले. मी दोन्ही बाजू ऐकल्या, घोटाळा समजावून दिला आणि साडूंना दोन शब्द शिकवले: नंदे तप्पु, चूक माझीच. ते त्यांनी लिफ्टमध्ये येता-जाता घोकले. शेजारच्या अक्का घाबरून मेहुणीला विचारून गेल्या, की यांनी केलेय तरी काय. पुढच्या रविवारी धक्का लागताच साडू "नंदे तप्पु!" असे ओरडले आणि दंतवैद्य हसले. दोघांची मैत्री झाली. मी शर्यत खेळत नाही आणि सगळे मोजतो, म्हणून मंडळींनी मला पंच नेमले. शर्यतीचे रेकॉर्डिंग पाहून चूक कोणाची ते सांगायचे, एवढेच काम.

त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत साडू चक्क तिसरे आले. पहिल्या तिघांना छोटा कप मिळायचा होता. साडूंना बक्षीस असे कधीच मिळाले नव्हते. शाळेतही नाही, हे त्यांनीच सांगितलेले. फक्त शेवटच्या वळणावर ते आणि दंतवैद्य एकमेकांना घासले होते आणि दंतवैद्य वाळूत गेले होते. थांबून जागा परत द्यायला पुढे रस्ताच उरला नव्हता, समोर शेवटची रेषा होती. मी रेकॉर्डिंग दोनदा पाहिले आणि निकाल दिला, की दंतवैद्यांनी वळणाच्या आतल्या बाजूला जागा सोडली नाही, साडूंचा दोष नाही. मेहुणीने त्याआधीच शोकेसमधल्या दोन बाहुल्या हलवून कपासाठी जागा केली होती आणि नागपूरला फोनही केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू खरी गाडी घेऊन बसवनगुडीत माझ्या दारात हजर. एवढे अंतर त्यांनी ती कधीच चालवली नव्हती.

"भाऊ, मला न्याय पाहिजे."

"काल दिला की."

"जास्त मिळून राहिला ना."

निर्दोष सुटल्याबद्दल अपील करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते म्हणाले, "आता डॉक्टरांच्या सीटवरून बघा." मी तिसऱ्यांदा पाहिले. वळणाआधी शंभर मीटरची पाटी होती. प्रत्येक फेरीत साडू तिथे ब्रेक दाबत. शेवटच्या फेरीत पाटी मागे गेली तरी दाबला नव्हता. "तिसरा नंबर दिसून राहिला होता," ते पडद्याकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "कारखान्यात तुम्ही प्रत्येक भाग तीनदा मोजता ना? मग हे दोनदाच काहून पाहिलं?"

त्यात टोमणा नव्हता. दोनदाच का, ते मला ठाऊक होते. निकाल देताना मला वाळूतली गाडी दिसत नव्हती, शोकेसमधली रिकामी जागा दिसत होती. मी निकाल बदलला. पाच सेकंदांची शिक्षा झाली आणि साडू सहावे झाले. त्यांनी माझ्याच फोनवरून दंतवैद्यांना कळवले, "नंदे तप्पु." तिकडून आवाज आला, "सरी, सरी. बिडी सार." म्हणजे ठीक आहे, सोडा. साडूंनी माझ्याकडे पाहिले. "आता बरोबर म्हणाले ना हे?" मी म्हटले, "बरोबर."

गेल्या वर्षी साडूंची नागपूरला बदली झाली. तिथल्या घरात जागा नाही, त्यामुळे ती सीट अजून खोक्यातच आहे. शोकेस मात्र लावली आहे. मेहुणीने त्या दोन बाहुल्या पुन्हा जवळ आणलेल्या नाहीत, मधली जागा तशीच आहे. इकडे रविवारी दहा वाजता आता तेरा जण असतात. धक्के लागतात, कारणे येतात, सूर्य डोळ्यांवर येतो. ज्याला मी निर्दोष ठरवतो तो आभार मानतो आणि जातो. अपील कोणी करत नाही. मी मात्र रेकॉर्डिंग तीनदा पाहतो.