काकूंनी भरलेले पाच फॉर्म

"तुम्हारे लिए पैसे हैं," रजिस्ट्रारसाहेब म्हणाले, "लेकिन तुम अकेली हो."

मी विचारलं, म्हणजे काय? ते हिंदीतच म्हणाले, "एक हँडिकॅप्ड स्टुडंट हो तो मेहरबानी, पांच हो तो सर्व्हिस. ट्रस्टी लोग सर्व्हिस को पैसा देते हैं, मेहरबानी को नहीं." मग त्यांनी पाच फॉर्म माझ्या हातात ठेवले आणि पुढच्या बुधवारपर्यंतची मुदत दिली. बाहेर येऊन मी व्हरांड्यात एकटीच हसत सुटले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे आणखी आंधळे-पांगळे मागत होतं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची. दुबईतल्या एका लहानशा कॉलेजात संध्याकाळचा दोन वर्षांचा डिप्लोमा करत होते. बाराव्या वर्षापासून माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, समोर माणूस आलाय हे कळतं, चेहरा कळत नाही. छापील अक्षराशी तर माझं कायमचं वाजलेलं. पहिलं वर्ष आईने पोळ्या लाटता लाटता अकाउंटन्सीची पुस्तकं वाचून दाखवली. ती 'डेप्रिसिएशन' हा शब्द इतक्या तिरस्काराने उच्चारायची की तो मला एखाद्या नातेवाइकासारखा वाटायला लागला होता. पण आता तिला नोकरी लागली होती आणि पुस्तकं दुप्पट झाली होती. मला पगारी वाचक हवा होता, परीक्षेत लिहून देणारं कुणीतरी हवं होतं, शिवाय अक्षरं टीव्हीवर कलिंगडाएवढी करून दाखवणारं एक मशीन. "नऊ हजार दिरहम," बाबा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे एक लाख आठ हजार रुपये!" कॉलेजने दिलं तरच होणार होतं. नाही तर करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून मी पाहुण्यांना पाणी देत राहणार, हे घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं. मला त्या सोफ्याची भयंकर भीती वाटायची.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना हे कळलं आणि त्यांनी पदर खोचला. काकू गल्फमधल्या मराठी मुलांची लग्नं जुळवायच्या. बिस्किटांच्या डब्यात फोटो आणि बायोडेटा ठेवलेले असत. त्यांची खासियत अशी, की तिरळ्या मुलीचा फोटो बाजूने काढायला लावायचा, लंगडणाऱ्या मुलाला बसूनच दाखवायचं आणि टकलाला टोपी. "मी खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या, "मी फक्त विषय काढत नाही."

"पाचच ना?" त्या म्हणाल्या. "मी एका शुक्रवारात तीन साखरपुडे केलेत. यल्ला, चल!"

पुढचे चार दिवस काकू माझा हात धरून कॉलेजच्या कॅफेटेरियात ठाण मांडून बसल्या. कडक चहाचे कप मागवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळायचं. एका धडधाकट वॉचमनला त्यांनी इतक्या मायेने "पाँव में कुछ तकलीफ है क्या बेटा?" असं विचारलं, की तो दिवसभर लंगडत होता म्हणे. इजिप्तच्या एका प्रोफेसरांना त्यांनी चष्म्याचा नंबर विचारला. ते "हबीबी, हबीबी" करत पळाले. मी टेबलावर डोकं टेकून हसत होते, आणि काकू मला चिमटे काढत होत्या.

पण माणसं मिळत गेली. कुठे लपून बसली होती कोण जाणे! एका ऑफिसात रिसेप्शनिस्ट असलेली गोव्याची मुलगी, लहानपणी पोलिओ झालेली. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचायला तिला वीस मिनिटं लागायची, म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांना वाटायचं, काय अभ्यासू मुलगी आहे! एक सुदानी गृहस्थ बोलताना अडखळायचे, तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेले. एक केरळचा मुलगा, ज्याची अक्षरं कागदावर जागेवरच राहत नसत आणि ज्याला सगळे मठ्ठ म्हणत. आणि साताऱ्याकडचा एक स्टोअरकीपर. जेबेल अलीच्या फॅक्टरीत मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. पेन धरायला त्रास व्हायचा, पेपर कधीच पुरा व्हायचा नाही. तो तर काकूंच्या डब्यातलाच निघाला. त्याचं लग्न त्या जुळवत होत्या.

मी धरून पाच! काकूंनी स्वतः बसून, आपल्या वळणदार इंग्रजीत, पाचही फॉर्म भरले. मंगळवारी आम्ही ते रुबाबात देऊन आलो.

बुधवारी दुपारी रजिस्ट्रारसाहेबांचा फोन. "मॅडम, ये क्या लिखा है? इसमें तो किसी को कोई प्रॉब्लेम ही नहीं है!"

आम्ही धावत गेलो. ते एकेक फॉर्म वाचून दाखवायला लागले. 'अपंगत्वाचं स्वरूप' या रकान्यात काकूंनी माझ्यापुढे लिहिलं होतं, 'किरकोळ. रंग गोरा, घरकामात हुशार.' गोव्याच्या मुलीपुढे, 'बसल्यावर अजिबात समजत नाही.' सुदानी गृहस्थांपुढे, 'मितभाषी.' केरळच्या मुलापुढे, 'निर्व्यसनी.' आणि स्टोअरकीपरपुढे, 'उजव्या हाताची तीन बोटं उत्तम.'

मी खुर्चीवरून खाली पडायची बाकी राहिले. रजिस्ट्रारसाहेबही आधी खोकले आणि मग चक्क हसले. काकू मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सवय हो," त्या पुटपुटल्या. "हात आपोआपच तसा चालला."

नवे फॉर्म मिळाले. सहा वाजता ऑफिस बंद होणार होतं. संध्याकाळच्या वर्गासाठी सगळे जमलेच होते, तेव्हा या वेळी सगळं साफ साफ लिहून प्रत्येकाची सही घ्यायची ठरली. तिघांनी केली, मी केली. स्टोअरकीपरने मात्र पेन खाली ठेवलं.

"काकू, हे कागदावर नको," तो म्हणाला. "मुलीकडच्यांना कळलं तर? तुम्हीच म्हणालात ना, लग्न लागेपर्यंत हात खिशात ठेव."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बरोबरच बोलत होता तो. चार फॉर्म, आणि सहाला वीस मिनिटं कमी. मला तो सोफा, त्याचं रेक्झिन, सगळं आठवायला लागलं.

एवढ्यात काका आले, काकूंना गाडीने घरी न्यायला. "झालं का?" त्यांनी विचारलं. काकू थेट रजिस्ट्रारसाहेबांच्या टेबलाशी गेल्या. "टायपिंगका सर्टिफिकेट कोर्स है ना? मेरा ॲडमिशन करो. अभी!" पर्समधून पैसे काढून त्यांनी फी भरली. मग म्हणाल्या, "अब मैं स्टुडंट है. पाचवा फॉर्म दो. लिखो, लेफ्ट इअर. बिलकुल सुनाई नहीं देता."

"कबसे?"

"शादी के पहले से."

काका माझ्या शेजारीच उभे होते.

"अगं, सव्वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर स्थळ गेलं असतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आता सांगितलं. जा, जायचं तर."

रजिस्ट्रारसाहेबांना मराठी येत नव्हतं. "एनी प्रॉब्लेम?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नो प्रॉब्लेम. यू स्टॅम्प!"

पाच वेळा शिक्का आपटला. मी तेवढ्या वेळा आनंदाने जागच्या जागी उडी मारली. एकोणीस वर्षांच्या मुलीने असं करू नये, पण मी केलं. स्टोअरकीपर तिथेच होता. त्याने खिशातून हात काढला आणि एक फॉर्म मागून घेतला. भरला मात्र नाही, घडी करून बरोबर नेला.

बाहेर डिसेंबरची गार हवा होती. काकांनी गाडीचं दार उघडलं आणि तसेच थांबले. "थांब. इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे गाडीत मी सदैव तुझ्या डाव्या कानाशी. इथे आल्यापासून बारा वर्षं. मी गाडीत बोलायचो ते?"

"इंजिनाच्या आवाजात काहीच नाही यायचं," काकू म्हणाल्या. "मी आपली हो हो म्हणायचे."

"पण घरात तर भाडं वाटून घेणारी शेअरिंगची माणसं असायची. मला जे काही बोलायचं असायचं, ते मी गाडीतच बोलायचो गं."

काकांनी दार लावून टाकलं. "चालत जाऊ," ते म्हणाले. गाडी तिथेच राहिली. डावीकडून मी काकूंचा दंड धरला, उजवीकडे काका. सिग्नलपर्यंत ते नुसतेच घसा साफ करत होते. मग त्यांनी एक वाक्य म्हटलं. मी सगळं ऐकलं, पण इथे लिहिणार नाही.

"काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

काकांनी ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"काय म्हणालात?"

तिसऱ्यांदा ते जवळजवळ ओरडलेच, भर रस्त्यात. काकूंना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. माझ्या हातातला त्यांचा दंड हसून हसून हलत होता.