राजधानीचा पत्ता

सुक्रेच्या शाळेत निकोलासाबाईंनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. बोलिव्हियाची राजधानी 'ला पाझ' असं कुणी लिहिलं की अख्खी उत्तरपत्रिका लाल! "सरकार तिकडे बसतं म्हणून काय झालं? राज्यघटनेत राजधानी सुक्रेच आहे!"

निवृत्तीनंतर त्यांना सरकारी सन्मानपत्र मंजूर झालं, पण तीन वर्षं ते आलंच नाही. शेवटी बाई स्वतःच ला पाझला धडकल्या. तिथला चढ चढून धापा टाकत कचेरीच्या खिडकीशी पोचल्या.

कारकुनाने त्यांचा जुना अर्ज काढला आणि त्याला हसू आवरेना.

"अहो बाई, पत्त्यात गल्लीच्या नावापुढे नुसतं 'राजधानी' लिहिलंय! आमचा पोस्टमन तीन वर्षं ती गल्ली इथेच शोधतोय."

"काय सांगता! म्हणजे एवढ्या मोठ्या ला पाझमध्ये एकालाही राजधानी ठाऊक नाही?" बाईंना भलताच चेव चढला.

"सन्मानपत्र नव्याने छापून पाठवतो. तेवढा पत्ता दुरुस्त करून द्या."

बाईंनी पर्समधलं लाल पेन काढलं आणि 'राजधानी' या शब्दाखाली दोनदा ठसठशीत रेघ ओढली.

"हेच राहू दे. नाही मिळालं, तर पुन्हा येईन की तुमच्या खेड्यात!"