पोर्ट झोपवणारे खरात

खरात सरांशी कोणी वाकडं बोललं की ते शांतपणे आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि त्या माणसाचं इंटरनेट हळू करायचे. बंद नाही, हळू. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, भांडाले घसा लागते. मले एक बोट पुरते. आणि बंद केलं तर तो तक्रार करीन. हळू केलं तर नुसता कुढत राह्यते."

चिखलीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं सगळं नेटवर्क त्यांच्याकडे होतं. प्रत्येक मजल्यावर एक स्विच, म्हणजे त्या मजल्यावरच्या साऱ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. एकेक वायर तिच्या ज्या खाचेत बसते, तो पोर्ट. सरांचा संगणक दर थोड्या वेळाने प्रत्येक पेटीला तिची तब्येत विचारायचा आणि पडद्यावरच्या नकाशात ठिपके हिरवे किंवा लाल व्हायचे. तो नकाशा पाहिल्याशिवाय सर कोणाला नमस्कारसुद्धा करत नसत.

उपप्राचार्यांनी भाच्याच्या दुकानातून स्वस्तातले स्विच आणले. ते तापतायत, हे नकाशा दाखवत होता आणि सर सांगत होते. ऐन ऑनलाइन परीक्षेत एका मजल्याचं नेटवर्क बंद पडलं. त्या दुपारी भरल्या स्टाफरूममध्ये उपप्राचार्य म्हणाले, "खरात, दिवसभर पडद्यासमोर बसून टीव्ही बघता काय?" लोक हसले. सरांची रवानगी ग्रंथालयाच्या काउंटरवर झाली आणि नेटवर्क भाच्याकडे गेलं. मला इतका संताप आला की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सर मात्र वर्षभर मुकाट पुस्तकं देत राहिले. मी एकदा चिडून विचारलंच, "काऊन गप्प बसलात?"

"वाट पाहून राह्यलो," ते म्हणाले. "मले पैसा नको, पद नको. ज्या खोलीत बोलला, त्याच खोलीत त्यानं शब्द वापस घ्यावा."

स्विचला दोन गुप्त शब्द असतात, एक नुसतं पाहण्याचा, दुसरा हुकूम देण्याचा. दोन्ही कारखान्यातून ठरूनच येतात आणि पेटी बसवली की पहिल्यांदा ते बदलायचे असतात. भाच्याने बदललेच नव्हते. हे सरांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मग तपासणी समिती आली. उपप्राचार्य सभागृहात पोर्टल उघडून कॉलेजची थोरवी दाखवत होते, आणि मी ग्रंथालयात सरांच्या शेजारी उभी होते. त्यांनी काउंटरवरच्या संगणकावर तो हुकुमाचा शब्द घालून एक ओळ टाइप केली.

"अहो, त्याच पेटीवर पोरांची परीक्षा चालू आहे," मी घाबरून म्हटलं.

"पोरायले धक्का नाही जी. फक्त साहेबाचा पोर्ट झोपवला."

सभागृहात पोर्टल अडकलं. भाच्याने वायर बदलली, लॅपटॉप बदलला, शेवटी घाम पुसत बसला. समितीला दुसऱ्यांदा चहा गेला. तेव्हा उपप्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले. "खरात, चला लवकर."

"येतो न. पण आधी स्टाफरूममधी चला. तवा जे होते, त्यायले सगळ्यायले बोलवा."

साहेबांना कळायचं ते कळलं. पाच मिनिटांत माणसं जमली. उपप्राचार्य खाली बघत म्हणाले, "परीक्षा खरातांमुळे बंद पडली नव्हती. मी बोललो ते चुकलं." सर "बरं" म्हणाले, ग्रंथालयात जाऊन त्यांनी पोर्ट जागा केला, आणि सभागृहाचा पडदा उजळला. संध्याकाळी साहेबांनी हात पुढे केला. "झालं ना खरात? आता विसरा."

सरांनी हात खिशातच ठेवला. "तुमी चूक कबूल केली जी. मी माफ केलं, असं मी कधी म्हणलो?"

नेटवर्क त्यांना परत मिळालं. त्यांनी सगळ्या पेट्यांचे शब्द बदलले. साहेब निवृत्त होईपर्यंत त्यांच्या केबिनमधलं इंटरनेट रडतच चाललं.

गेल्या हिवाळ्यात सर हृदयविकाराने गेले. उंद्रीला, त्यांच्या गावी, घराच्या अंगणात आम्ही सगळे उभे होतो, तेवढ्यात उपप्राचार्य मोठा हार घेऊन आले. सरांच्या पत्नी उठून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हार वापस न्या जी. त्यायनं सांगून ठेवलं हाये."

"वहिनी, अहो, अशा वेळी तरी..."

"अशाच वेळेसाठी सांगून ठेवलं होतं."

ते हार घेऊन गाडीकडे गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही. रडता रडता मला फार बरं वाटलं.