नानांचा गाल

आमच्या घरी नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो नव्हता. म्हणून आम्ही त्यांचा गाल ठेवला होता.

सबंध गाल नव्हे! (तितके आम्ही विक्षिप्त नाही.) मी उज्जैनला फ्रीगंजातल्या एका शाळेत जीवशास्त्राचा नवा मास्तर. वर्गात पेशी दाखवण्याआधी सराव हवा म्हणून शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला आणि हाताला लागला तो पहिला माणूस धरला. आगकाडीच्या मागच्या टोकानं नानांचा गाल आतून खरवडला, ते काचेवर पसरलं, निळा रंग घातला आणि वर पातळ काच पक्की चिकटवली.

भिंगात डोकावून नाना म्हणाले, "यातला मी कुठला?"

"सगळ्याच तुम्ही! ही एकेक पेशी. बाहेरचा पापुद्रा काय आत घ्यायचं नि काय नाही ते ठरवतो. आतल्या रसात सगळी कामं चालतात. मधला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. हुकूम त्याचा."

नाना जन्मभर सरकारी दफ्तरात कारकून. लगेच उमगलं. "म्हणजे दारावर चपराशी, मधे बडे बाबू, आणि बाकीचे खपतायत!"

"गालातल्या या जुन्या पेशी रोज झडतात हं. खालून नव्या येतात."

"रोज तबादला? रोज बदली? मग आमचं बरं, एकदाच झालीय."

आमचं मध्य भारत राज्य नव्या प्रांतात विरघळलं होतं आणि नानांचं दफ्तर भोपाळला चाललं होतं. पुढच्याच आठवड्यात देवास गेटवर आम्ही त्यांना बसमध्ये बसवलं. महिन्याभरात तार आली. ती भलत्याच मोहल्ल्यात दोन दिवस फिरून आली, त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत दफ्तरातल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. आईला शेवटचं तोंडही दिसलं नाही.

फोटो शोधले. दफ्तराच्या एका ग्रुप फोटोत नाना होते, पण साहेबांच्या पगडीमागे! डावा कान तेवढा दिसत होता. आई बराच वेळ त्या कानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "ती काच आहे ना रे तुझ्याकडे?"

काच कोनाड्यात गेली. पहिल्या वर्षश्राद्धाला मी पुन्हा सूक्ष्मदर्शक आणला. आई भिंगाला डोळा लावून हळूच म्हणाली, "भोपाळात जेवणाचे हाल झाले ना हो?" मी अंगणात निघून गेलो.

दुसऱ्या वर्षी मात्र मी कहर केला! भिंग खाली दाबायचं नाही, वर उचलत जुळवायचं, हे मी वर्गात छडी आपटून सांगतो. श्राद्धाच्या सकाळी मी ते खाली दाबलं. कट्!

"काय फुटलं रे?" आतून आईचा आवाज.

"काही नाही! आगपेटी पडली!" (आगपेटी पडली तर फुटत नाही, हे सुदैवानं आईच्या ध्यानात आलं नाही.)

नाना चार तुकड्यांत माझ्या तळहातावर होते. मी लहान मुलासारखा रडलो. एवढेच उरले होते, तेही मीच घालवले. आईला सांगायचं कसं? शेवटी डोळे पुसले, आगकाडी घेतली आणि स्वतःचा गाल खरवडला. गाल कुणाचा, हे पेशीवर लिहिलेलं नसतं.

आईनं बघितलं. 

"औंदा बरे दिसतायत," ती म्हणाली. "तब्येत सुधारलीय."

मग शेजारच्या मिश्राचाची आल्या. त्यांनी एक डोळा गच्च मिटून बघितलं आणि मान डोलावली. "मास्टरसाब, बाबूजी तो हूबहू आप जैसे दिखते हैं!"

मला ठसकाच लागला. आई कितीतरी दिवसांनी हसली आणि हसता हसता रडली. त्या हसण्यापुढे खरं सांगायची माझी छाती झाली नाही. आजतागायत झालेली नाही.

तेव्हापासून दर वर्षी आई त्या काचेला गंध लावते, तुळस वाहते, हात जोडून म्हणते, "जिथं असाल तिथं सुखात असा." आणि ज्याचं श्राद्ध घातलंय तो समोरच्या पाटावर बसून सांगत असतो, "आई, खीर छान झालीय, अजून एक वाटी वाढ!"